मूर्ती सापडली, देव कोणता?

१७७४ साली इंग्लंडच्या लिंकनशायरमध्ये, टॉर्कसी गावाजवळच्या फॉस डाइक या जुन्या कालव्यातून ब्राँझची एक मूर्ती निघाली. उंची वीतभराहून थोडी जास्त. अंगावर वस्त्र नाही, डोक्यावर मात्र उंच तुऱ्याचे शिरस्त्राण. हातांतली आयुधे केव्हाच गळून गेलेली. हा रोमनांचा युद्धदेव मार्स असावा असे शिरस्त्राणावरून कोणीही म्हटले असते. पण इथे तर्क करायची गरजच पडली नाही, कारण बैठकीवर लॅटिनमध्ये सगळे कोरून ठेवलेले आहे. मूर्ती मार्स देवाला आणि सम्राटांच्या दैवी शक्तीला वाहिलेली आहे. वाहणारे कोलासुनी घराण्यातले ब्रुकियस आणि काराटियस. खर्च त्यांनी स्वतः केला, तो शंभर सेस्टर्स. घडवणारा सेलाटस नावाचा तांबट, आणि त्यानेही तीन दिनार किमतीचे रतलभर ब्राँझ पदरचे घातले.

शंभर सेस्टर्स म्हणजे २५ दिनार. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमन पलटणीतल्या साध्या शिपायाला वर्षाला ३०० दिनार मिळत, तेव्हा ही रक्कम त्याच्या महिन्याच्या पगाराएवढी झाली. देणाऱ्यांची नावे ब्रिटनच्या मूळ केल्टिक वळणाची, देव रोमचा, लेख लॅटिन. आणि त्या लेखात गिऱ्हाइकांच्या बरोबरीने कारागिराचेही नाव आहे, त्याने घातलेल्या धातूची किंमतसुद्धा आहे. आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेली ही मूर्ती मला फार मोलाची वाटते, आणि तिचे मोल कळते ते बाकीच्या मूर्तींकडे पाहिल्यावर. रोमनांनी इसवी सन ४३ मध्ये ब्रिटन जिंकायला घेतले आणि ४१० च्या सुमारास ते तिथून गेले. या काळातल्या बोट-दोन बोट उंचीच्या ब्राँझच्या आकृती शेतांत, नद्यांत, देवळांच्या पडक्या जोत्यांत मोठ्या संख्येने सापडल्या आहेत. त्यांतल्या बहुतेकींना बैठक नाही, लेख नाही, आणि पुष्कळदा हातही नाहीत.

या हातांपाशीच सगळी अडचण सुरू होते. मूर्ती मेणात घडवायची, तिच्यावर मातीचा लेप द्यायचा, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा, अशी ही पद्धत. तांब्यात कथील असे, आणि धातू नीट वाहावा म्हणून शिसेही मिसळत. देवाचे अंग एकसंध ओतले जाई. भाला, दंड, थैली, वीज यांसारख्या वस्तू मात्र अनेकदा वेगळ्या करून मुठीत खोचत किंवा डाख देऊन बसवत. जमिनीत दीड-दोन हजार वर्षे काढल्यावर आधी गळून पडतात त्या याच वस्तू. देवांची ओळख तर त्यांच्यावरच अवलंबून होती. मर्क्युरीच्या हातात पैशाची थैली आणि सर्पांचा दंड, पायाशी कोंबडा, मेंढा किंवा कासव. मिनर्व्हाच्या छातीवर गॉर्गनचे मुख. हर्क्युलिसकडे सोटा आणि सिंहाचे कातडे. ज्युपिटरच्या हातात वीज.

आता ही वीज काढून घ्या. दाढीवाला, भरदार अंगाचा, एक हात उंचावलेला नग्न पुरुष उरतो. तो ज्युपिटर असेल, समुद्रदेव नेपच्यूनही असेल. टोपीचे पंख झिजले की मर्क्युरी आणि अपोलो यांच्यात फरक उरत नाही. डोक्यावरून टोगा घेतलेला आणि हातात अर्घ्याची थाळी धरलेला पुरुष घराचा रक्षक ‘जीनियस’ असू शकतो, पुरोहित असू शकतो, किंवा देवापुढे उभा राहिलेला एखादा भाविकच. आपल्या देवघरातले जुने टाक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चटकन समजेल. पिढ्यान्‌पिढ्या घासून, हळदीकुंकू वाहून टाकावरचा चेहरा पुसट होतो; घोड्यावरचा तो खंडोबा की घरातला कोणी वीर, हे घरच्या माणसांनाच ठाऊक असते. ब्रिटनमध्ये ती घरची माणसे सोळाशे वर्षांपूर्वीच निघून गेली.

शिवाय जे हाती आले ते देवच आहे असेही धरून चालत नाही. रोमन घरांत ब्राँझची मुंडकी आणि धडे जागोजागी होती. तिवईच्या पायांवर, पेट्यांवर, रथाच्या लाकडी भागांवर, सुरीच्या मुठींवर. एखाद्या छोट्या मुखवट्याच्या आत शिसे भरलेले आणि डोक्यावर कडी असेल, तर तो तराजूच्या दांडीवर सरकवायचे वजन असतो. बाजारात दाणे तोलताना तो वापरात असे. पाठीमागे चौकोनी खुंटी असेल तर ती आकृती कशावर तरी बसवलेली होती. म्हणून जाणकार माणूस अशी वस्तू हातात आली की आधी पाठ पाहतो, मग तळ, आणि चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी वळतो.

मार्टल्शमचे उदाहरण या बिनलेखाच्या मूर्तींच्या अगदी उलट आहे. सफोकमधल्या या गावी मूर्तीची फक्त ब्राँझची बैठक मिळाली. तिच्यावर घोड्याचा एक खूर आणि त्याखाली पडलेला शत्रू एवढेच शिल्लक आहे. स्वार गेला, घोडाही गेला. पण लेख आहे. सिम्प्लिसिया नावाच्या बाईने ‘मार्स कोरोटियाकस’ या देवाचा नवस फेडला, आणि मूर्ती ग्लॉकसने घडवली. मूर्ती नसताना देव कळला. पूर्व इंग्लंडात घोडेस्वार देवाच्या लहान ब्राँझ आकृती इतरत्रही मिळतात, आणि त्यांना मार्स म्हणायचे धाडस होते ते सिम्प्लिसियाच्या या बैठकीमुळे. रोममधला मार्स सहसा पायी उभा असतो, त्यामुळे हा घोड्यावरचा मार्स म्हणजे स्थानिक देवानेच घेतलेले रोमन नाव दिसते.

जुन्या संग्राहकांना या गुंत्याची जाणीव नव्हती असे नाही, पण त्यांची घाई वेगळी होती. लंडन ब्रिज नव्याने बांधला जात असताना, आणि तो १८३१ मध्ये खुला झाल्यावरही, थेम्स नदीच्या तळातला गाळ आणि वाळू मोठ्या प्रमाणावर उपसली जात होती. त्या वाळूत नाणी निघत, भांडी निघत, ब्राँझचे देवही निघत. चार्ल्स रोच स्मिथ हा लंडनमधला औषधविक्रेता दुकान सांभाळून मजुरांकडून या वस्तू विकत घेई. १८३७ मध्ये नदीतून निघालेल्या ब्राँझ मूर्तींवर त्याने लिहिले. त्यांत मर्क्युरी, अपोलो आणि आशिया मायनरमधून रोममध्ये आलेला आटिस होता. हातपाय तुटलेल्या या मूर्ती ख्रिस्ती लोकांनी फोडून नदीत टाकल्या असाव्यात, असा त्याचा तर्क होता. आजचे अभ्यासक नदीत अर्पण करण्याच्या प्रथेकडेही बोट दाखवतात. मूर्ती कोणाची हा एक प्रश्न आणि ती पाण्यात का गेली हा दुसरा, आणि थेम्सच्या बाबतीत दोन्ही एकमेकांत अडकले आहेत. कोणती वस्तू कोणत्या थरातून निघाली याची नोंद ठेवणारे तिथे कोणी नव्हते. तरी रोच स्मिथ नसता तर यातल्या कित्येक वस्तू भंगारात वितळल्या असत्या. त्याचा संग्रह १८५६ मध्ये ब्रिटिश म्युझियमने २,००० पौंडांना घेतला, आणि ब्रिटनच्या प्राचीन वस्तूंचा तिथला संग्रह खऱ्या अर्थाने त्यावर उभा राहिला.

या जाणत्या माणसाचीही गल्लत झालीच. पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, थेम्सकाठच्या विल्यम स्मिथ आणि चार्ल्स ईटन या दोन निरक्षर मजुरांनी शिशाच्या मध्ययुगीन भासणाऱ्या वस्तू स्वतः ओतून शॅडवेलच्या गोदीत सापडल्याचे सांगत विकायला सुरुवात केली. प्रकरण १८५८ मध्ये गिल्डफर्डच्या न्यायालयात गेले, आणि रोच स्मिथने या वस्तू अस्सल असल्याची साक्ष दिली. अशा वस्तू पूर्वी कोणी पाहिल्या नव्हत्या, पण खोटे करणारा ओळखीच्या वस्तूची नक्कल करील, असले अनोळखी काही का घडवील, अशी त्यामागची समजूत. ओळख पटवताना तुलना हाच मोठा आधार असतो. तुलनेला काहीच नसेल तर अनुभवी डोळाही फसतो, हे या खटल्यातून दिसले.

फसवणूक नसतानाही घोटाळा होतो. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडचे श्रीमंत तरुण इटलीच्या लांबच्या प्रवासाला जात आणि येताना ब्राँझच्या मूर्ती घेऊन येत. त्यांतल्या काही हरवल्या, काही वाड्यांच्या बागांतल्या मातीत गेल्या. आज धातुशोधक यंत्र घेऊन शेतात फिरणाऱ्याला एट्रुस्कन योद्धा किंवा इजिप्तचा ओसायरिस मिळतो तेव्हा प्रश्न पडतो: हा रोमन काळात आला, की दोनशे वर्षांपूर्वी कोणा जमीनदाराच्या सामानातून? मूर्ती अस्सल आणि प्राचीन असूनही ब्रिटनच्या इतिहासात तिला जागा नाही, असे होऊ शकते. मूर्तीकडे कितीही निरखून पाहिले तरी याचे उत्तर तिच्यात सापडत नाही. ते तिच्याभोवतीच्या मातीत असते, आणि माती तर बहुधा कोणी राखून ठेवलेली नसते.

स्थानिक देवाने रोमन नाव घेतल्याचे मघाशी म्हटले, ते नीट पाहायला विल्टशायरमध्ये जायला हवे. १७१४ मध्ये डिव्हाइझेसजवळच्या साउथब्रूमला एका मडक्यात ब्राँझच्या पुष्कळ मूर्ती एकत्र सापडल्या. त्या वेळी त्यांची मोठी चर्चा झाली. त्यांतल्या काहीच आज ब्रिटिश म्युझियममध्ये उरल्या आहेत. त्यांत एक मार्स आहे. शिरस्त्राण नेहमीचे. पण दोन्ही हातांत त्याने साप धरले आहेत, सापांना मेंढ्याची डोकी आहेत, आणि त्यांच्या शेपट्या त्याच्या पायांभोवती वेढल्या आहेत. मेंढ्याच्या डोक्याचा साप रोमन पुराणांत नाही, तो केल्टिक जगातला. मूर्तिकाराला रोमन मार्स माहीत होता, आणि गिऱ्हाइकाला हवा असलेला देवही माहीत होता. याला मार्स म्हणायचे का? म्हणावे लागते, कारण दुसरे नाव आपल्यापाशी नाही.

इतिहासकार टॅसिटसने इसवी सन ९८ च्या सुमारास जर्मन टोळ्यांबद्दल लिहिताना त्यांच्या देवांना रोमन अर्थ लावण्याची रीत सांगितली आहे. परक्याचा देव पाहायचा, आपल्यातला जवळचा शोधायचा आणि ते नाव द्यायचे. आपण संग्रहालयाच्या पाट्या लिहितो तेव्हा टॅसिटसचेच काम पुढे चालवतो. पण भक्तांच्या मनात तरी हे पक्के होते का? ग्लॉस्टरशायरमधल्या यूली इथे १९७७ ते १९७९ या काळात एका रोमन देवळाचे उत्खनन झाले. देऊळ मर्क्युरीचे. तिथे शिशाच्या पत्र्यांवर लिहिलेली गाऱ्हाणी मोठ्या संख्येने मिळाली. त्यांतल्या एका पत्र्यावर सॅटर्निना नावाची बाई आपले तागाचे कापड गेल्याची तक्रार देवाकडे करते. पत्र्यावर आधी ‘मार्स सिल्व्हेनस’ लिहिले होते. ते खोडून त्यावर मर्क्युरी लिहिले आहे. आणि त्याच पत्र्यावर पुढे तिसरा हिस्सा देऊ केला आहे तो सिल्व्हेनसला. देवळात उभ्या असलेल्या भक्तिणीलाच आपण कोणाला साकडे घालतो आहोत हे एका नावात बसवता आले नाही. मग हात तुटलेल्या मूर्तीवर आपण एकच नाव ठोकून बसवतो तेव्हा त्या भक्तिणीपेक्षा जास्त खात्री कुठून आणतो?

याचा सगळ्यात बोलका पुरावा २००२ मध्ये मिळाला. हर्टफर्डशायरमध्ये बाल्डॉकजवळच्या अ‍ॅशवेलच्या एका शेतात धातुशोधक यंत्राने सोन्याचांदीच्या २७ वस्तूंचा साठा शोधला. दागिने, देवाला वाहिलेले पानासारखे पत्रे आणि एका स्त्रीची चांदीची मूर्ती. ही मूर्ती ब्राँझची नाही, तरी ब्राँझच्या मूर्तींविषयी जे शिकायचे ते तिच्याकडूनच शिकावे. मातीने तिची फार झीज केली होती. पत्र्यांवरची देवी मात्र स्पष्ट होती: हातात भाला, बाजूला ढाल, डोक्यावर शिरस्त्राण. मिनर्व्हाच, यात शंका घ्यायला जागा नव्हती. पत्र्यांवर लेख नसते तर या साठ्याच्या पाटीवर मिनर्व्हाचे नाव लागले असते आणि कोणी हरकत घेतली नसती. पण लेख होते, आणि त्यांत देवीचे नाव होते सेनुना. या नावाची देवी ब्रिटनमध्ये होती हे तोवर एकाही इतिहासकाराला ठाऊक नव्हते.

सुरुवातीला हे नाव ‘सेनुआ’ असे वाचले गेले. मग पुरातत्त्वज्ञांनी त्याच जागी उत्खनन केले आणि चांदीच्या मूर्तीची सुटी झालेली बैठक मिळाली. तिच्यावर लिहिले होते की फ्लाव्हिया क्युनोरिस हिने देवी सेनुनाचा नवस फेडला. नाव पक्के झाले, मूर्तीची ओळख पटली, आणि ती वाहणारी बाईही समोर आली. आडनावात तिने आपले ब्रिटिश नाव जपले होते. बैठक सापडली कारण मूर्ती कुठून निघाली ती जागा नेमकी माहीत होती. शोधणाऱ्याने साठा गुपचूप विकला असता तर बैठक शेतातच राहिली असती आणि सेनुनाही तिच्यासोबत.

इथे एक विचार मनातून जात नाही. ब्रिटनच्या संग्रहालयांतल्या मिनर्व्हांमध्ये अशा किती सेनुना असतील? ज्यांच्या पत्र्यांवर लिहायला कोणाकडे पैसे नव्हते, किंवा लिहिण्याची गरजच वाटली नाही, कारण देवी कोणती हे गावाला माहीत होते?

लिडनीची गोष्ट वेगळ्या टोकाची. सेव्हर्न नदीवरच्या या टेकडीवर मॉर्टिमर आणि टेसा व्हीलर या दांपत्याने १९२८ आणि १९२९ मध्ये उत्खनन केले. तिथल्या देवळातला देव नोडेन्स, हे लेखांवरून पक्के. त्याचीच म्हणता येईल अशी मूर्ती मात्र नाही. आहेत ते कुत्रे. त्यांतला ब्राँझचा एक, मान वळवून बसलेला, रोमन ब्रिटनच्या उत्तम शिल्पांपैकी आहे. हेच मॉर्टिमर व्हीलर १९४४ मध्ये भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होऊन आले. नेमक्या त्याच सुमारास, १९४४-४५ मध्ये, कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात अभ्यासक कुंदनगार यांना ब्राँझच्या वस्तूंचा मोठा साठा मिळाला, आणि त्यात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन निघाला. भूमध्य समुद्राकडून आलेली ही छोटी मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. पुढे हसमुख सांकळिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी ब्रह्मपुरीचे उत्खनन केले. व्हीलरनी रोमन सरहद्दीपलीकडच्या व्यापारावर लिहिताना कोल्हापूरची दखल घेतली. सातवाहनांच्या काळात ज्या घरात ती मूर्ती होती तिथे तिला पोसायडन म्हणून कोणी हाक मारली असेल हे संभवत नाही. शैली सांगते मूर्ती कोणाची म्हणून घडली. मालकाला ती काय वाटत होती हे शैलीला सांगता येत नाही. ब्रिटन असो वा करवीर, अडचण तीच.

अलीकडच्या शोधांत ही सावधगिरी दिसू लागली आहे, आणि तिचे मला मनापासून कौतुक वाटते. केंब्रिजशायरमधल्या विंपोल इथे २०१८ मध्ये नव्या वाहनतळाच्या आधी झालेल्या उत्खननात पाच सेंटिमीटरची एक आकृती निघाली. हातात कंठा धरलेला, त्यामुळे शिंगे असलेला केल्टिक देव सर्नुनोस असावा असे प्रथम वाटले. मग ती स्वच्छ केली. बारीक मिशी दिसली, आणि पुढून नीट कापलेले, मानेवर लांब सोडलेले केस. २०२१ मध्ये नॅशनल ट्रस्टने हे जाहीर केले तेव्हा देवाऐवजी पहिल्या शतकातल्या साध्या माणसाची ही छबी असू शकते, असेही सांगितले. शिवाय ती स्वतंत्र मूर्ती नसून औषध खलायच्या किंवा लिहायच्या पाटीवरचे मेण सारखे करायच्या पळीची मूठ असण्याचीही शक्यता आहे. हे सगळे बोलता आले ते आकृती कोणत्या वस्तीत आणि कोणत्या काळाच्या थरात निघाली हे ठाऊक होते म्हणून.

कायद्याने मात्र ब्राँझला बराच काळ वाऱ्यावर सोडले होते. इंग्लंडचा १९९६ चा खजिना कायदा मुख्यतः सोन्याचांदीसाठी. २०१० मध्ये क्रॉस्बी गॅरेट गावचे अप्रतिम रोमन शिरस्त्राण लिलावात सुमारे २३ लाख पौंडांना खाजगी संग्राहकाकडे गेले, कारण ते सोन्याचांदीचे नव्हते. २०१४ मध्ये चेम्सफर्डजवळ टोपीचा जाड झगा घातलेल्या माणसाची आकृती मिळाली. हाच तो ‘बिरस ब्रिटानिकस’, ज्याची किंमत सम्राट डायोक्लेशनने ३०१ सालच्या दरपत्रकात सहा हजार दिनार ठरवली होती. ती आकृतीही कायद्याच्या बाहेरच राहिली. २०२० मध्ये यॉर्कशायरच्या राइडेलमध्ये मिळालेला साठा १ लाख ८५ हजार पौंडांना लिलावात विकला गेला. त्यात १३ सेंटिमीटरचे दाढीवाले ब्राँझ मस्तक, घोड्यावरचा मार्स, ओळंबा आणि घोड्याच्या डोक्याची मूठ होती. यॉर्कशायर म्युझियमला तो नंतर देणगीदारांच्या मदतीने मिळवता आला. मस्तक सम्राट मार्कस ऑरेलियसचे मानतात. ओळख दाढी आणि केसांवरून.

जुलै २०२३ पासून इंग्लंडमध्ये कायदा बदलला. दोनशे वर्षांहून जुनी, धातूची आणि इतिहासाच्या दृष्टीने असाधारण महत्त्वाची वस्तू आता सोन्याची नसली तरी खजिना ठरू शकते. शिरस्त्राणे आणि सम्राटांची मस्तके त्यात येतील. शेतात निघालेला, थैली आणि दंड गमावलेला बोटभर मर्क्युरी सहसा असाधारण ठरणार नाही. त्याच्यासाठी १९९७ पासून चालू असलेली स्वेच्छा नोंदणीची योजना आहे, जिच्यात शोधणारा आपण होऊन वस्तू दाखवतो आणि नेमकी जागा सांगतो. तो सांगेल तरच त्या शेतात एखादी लेख असलेली बैठक शोधायला कोणी जाईल.